प्रस्तावनेतले शिसे

मास्तर,

तुम्हांला जाऊन अकरा वर्षे झाली. जाण्यापूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर तेव्हाही माझ्याजवळ होते, आजही आहे. तुमच्या पुस्तकाला मी जी प्रस्तावना लिहिली तीत एक संस्कृत श्लोक होता. तो कुठल्या पोथीतला, एवढेच तुम्हांला हवे होते; पोथीचे नाव आणि पानाचा क्रमांक. मी तुम्हांला दक्षिणेकडच्या एका मठाचे नाव सांगितले, तिथल्या एका जीर्ण हस्तलिखिताविषयी सांगितले, आणि तुम्ही ते सारे तुमच्या वहीत उतरवून घेतलेत. मास्तर, तसे हस्तलिखित नाही. तो श्लोक मी रचला होता. सकाळची संध्या आटोपून खिडकीशी बसलो आहे आणि ही एवढी दोन वाक्ये कागदावर उतरेपर्यंत दोनदा आणलेला चहा दोनदा गार झाला.

ज्याने जन्मभर आसनावर बसून लोकांना सत्याचे निरूपण ऐकवले, त्याला हे लिहायला इतका वेळ लागावा याचे तुम्हांला नवल वाटणार नाही. माझा हात तुम्ही फार लवकर ओळखला होता. वसईच्या शाळेत तुम्ही आम्हांला चित्रकला शिकवीत होता. एकदा टेबलावर पितळेचा तांब्या ठेवून तुम्ही तो काढायला सांगितलात. मी वैदिकाचा मुलगा. तांब्या माझ्या रोजच्या हातातला. मान वर न करता मी तो काढला, गळ्याभोवती वेलबुट्टीही काढली आणि हाताची घडी घालून बसलो. तुम्ही मागून आलात, माझा कागद उचललात आणि टेबलावरच्या तांब्याशेजारी धरलात. त्या तांब्याला एका बाजूने मोठा पोचा आलेला होता. माझ्या चित्रात तो नव्हता. "हा तुझ्या डोक्यातला तांब्या," तुम्ही म्हणालात. "मी समोरचा मागितला होता. पोचा कोणी काढायचा?" वर्ग हसला. मला राग आला तो हसण्याचा नव्हे. माझा तांब्या टेबलावरच्यापेक्षा सुंदर होता, आणि तो सुंदर आहे हे तुम्हांला दिसत नाही, याचा तो राग होता. पुढे कितीतरी वर्षे मला तसेच वाटत राहिले.

आम्हां मुलांना तुमच्याविषयी फार माहिती नव्हती. तुम्ही भुईगावचे, घरची केळीची आणि फुलांची वाडी, रविवारी सकाळी चर्च आणि दुपारनंतर पाटाचे पाणी, एवढेच. शिक्षक होण्याआधी, दुसऱ्या लढाईच्या काळात, तुम्ही सांताक्रूझच्या तळावर विमानदुरुस्तीच्या कारखान्यात ट्रेसर होता, हे मला फार उशिरा कळले. मूळ नकाशावर तेलकट, पारदर्शक कापड अंथरायचे आणि त्यावर शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे ते काम. स्वतःची एक रेघ त्यात घालायची नाही. लढाई संपली, गोरे अधिकारी परत निघाले, आणि त्यांच्या मेसमधले इंग्रजी विमानविषयक साप्ताहिकांचे गठ्ठे जाळण्यासाठी मैदानात रचले गेले. पहिल्या लढाईच्या अखेरीपासून दुसरीच्या आरंभापर्यंतचे अंक होते ते. तुम्ही ते मागून घेतलेत आणि स्टेशनापासून भुईगावपर्यंत बैलगाडीत घालून आणलेत. घरच्यांना वाटले, नोकरीचे सामान आले. उघडले तर आत कागद.

त्या कागदांतून तुम्ही पन्नासएक वर्षे एकच गोष्ट वेचीत राहिलात. दोन लढायांच्या मधल्या काळात जी विमाने कुणाच्या तरी डोक्यात आली, एखादेच बांधले गेले, एकदा-दोनदा उडाले किंवा उडण्याआधीच मोडले, आणि मग कायमचे रद्द झाले, त्यांचा इतिहास. मी एकदा विचारले होते की जी विमाने गाजली त्यांच्याविषयी का लिहीत नाही. तुम्ही रेघा ओढायच्या रुलिंग पेनचे टोक फडक्याने पुसत म्हणालात, "गाजलेल्यांचा इतिहास त्यांचा कारखाना लिहितो. ह्यांचं कोण आहे?"

मी संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झालो, गावोगावी माझी प्रवचने सुरू झाली, आणि त्याच सुमारास तुमचा निरोप आला की मराठी तपासून हवी आहे. मग गुरुवारची दुपार तुमची झाली. सायकल वाडीच्या कुंपणाला टेकवून मी मागच्या दाराने आत यायचो, कारण तुमचे टेबल स्वयंपाकघरात होते. विहिरीकडच्या खिडकीतून तिथे उजेड चांगला येतो, असे तुम्ही म्हणत. आता लिहिताना मी पुन्हा तिथे बसलो आहे. चुलीच्या ओट्यावर तांबड्या भोपळ्याची फोड आहे, तुमच्या टेबलावर चायना इंकची बाटली, आणि मास्तरीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून आपल्या दोघांचे बोलणे ऐकत आहेत. लहानपणी मी तुमच्या घरचे पाणी पीत नसे. आता कोरा चहा घेऊ लागलो होतो, आणि त्या म्हणत, "बुवा, बाटलात बरं का तुम्ही, आता दूध घातलं तरी चालेल." गुरुवारी मी येणार म्हणून त्या घरात मासळी शिजवत नसत. हे त्यांनी मला कधी जाणवू दिले नाही. त्या गेल्यावर शेजारणीने सांगितले.

त्या टेबलावर मी ती विमाने पाहिली. इटलीतले एक होते पिंपासारखे. पोकळ पिंपाच्या तोंडाशी एंजिन आणि पिंपाच्या पाठीवर वैमानिक. मास्तरीणबाईंनी खांद्यावरून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "हे विहिरी उपसणाऱ्या टँकरवाल्यांना नका दाखवू. उद्या वरूनच पळवतील वाडीचं पाणी." रशियातले एक होते, सात एंजिनांचे, ज्याच्या पंखाच्या जाडीतच माणसे बसायची. त्याचा शेपटीकडचा दांडा हवेत थरथरू लागला आणि तुटला. इंग्लंडातले एक लढाऊ विमान होते ज्याला शेपूटच नव्हती. पंख मागे वळलेले, आणि मागच्या बाजूला बंदूकधारी बसलेला, ज्याच्या नजरेला शेपटीचा काहीही अडसर नाही. एकच बांधले गेले. एंजिन धड चालेना म्हणून सोडून दिले. आणि पहिली लढाई संपता संपता तयार झालेले ते तीन मजली पंखांचे, सहा एंजिनांचे बॉम्बफेकी विमान. त्याची हकीकत तुम्ही सर्वांत सावकाश सांगत असा. ते बांधून झाल्यावर शेपूट जड पडेल अशी शंका निघाली आणि नाकात शिसे भरण्यात आले. पहिल्याच उड्डाणाला ते धावपट्टीवर वेगाने निघाले, वरच्या मजल्यावरची दोन एंजिने पूर्ण जोरात आली, आणि विमान नाकावर उलटले. दोघे वैमानिक गेले. शिसे हे एकमेव कारण नसावे, वरच्या एंजिनांची उंचीही कारण असावी, असे तुम्ही खाली लिहिले होते आणि 'असावी' या शब्दाखाली रेघ मारली होती.

तुमच्या हस्तलिखितात सर्वांत अधिक वेळा आलेले शब्द कोणते, हे मला मोजावे लागले नाही. 'माहिती नाही.' रशियन विमानाच्या चाकांचा व्यास, माहिती नाही. अमुक रेघेच्या आत सांधा कसा होता, माहिती नाही. चित्रातही तेवढी जागा तुम्ही कोरी सोडलेली असे, जणू तिथे विमानाला भोक पडले आहे. मी म्हणायचो की थोडा तर्क करा, वाचणाऱ्याला बरे वाटेल. जागा कोरीच राही. शेवटच्या पानांवर चाचणी घेताना मृत्यू पावलेल्या वैमानिकांची यादी होती. ती मी भाषेसाठी तपासू लागलो तेव्हा कळले की दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, तुमच्याकडचे लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात तेव्हा तुम्ही आईवडिलांच्या कबरीशी ही यादीही हलक्या आवाजात वाचता. परक्या देशांतली, परक्या भाषांतली माणसे. ज्यांचे आपल्याशी काही नाते नाही अशांनाही पाणी द्यावे, अशी सोय आमच्या तर्पणात आहे आणि त्यावर मी तासभर निरूपण करू शकतो. तुम्ही निरूपण करीत नव्हता.

पुस्तक छापायला कोणी तयार होईना. एका प्रकाशकाने विचारले की यातले एकही विमान युद्धात वापरलेले नाही तर वाचणारा कोण? मास्तरीणबाईंनी ते ऐकून मान डोलावली. "मी काय वेगळं सांगते का? ह्यांचं एक तरी कधी उडालं का, विचारा." तुम्ही हसलात, पण त्या दिवशी शाईची बाटली उघडली नाहीत. तुम्ही ऐंशीच्या घरात होता. हात कापू लागला होता आणि तो कंप रेघेत दिसे. मी ठरवले की पुस्तक निघालेच पाहिजे. माझ्या प्रवचनांना येणाऱ्या एका गृहस्थाचा गोखिवऱ्याला छापखाना होता. त्याने आनंदाने होकार दिला. फक्त प्रस्तावना बुवांची हवी, म्हणजे आपली माणसे पुस्तक घेतील, असे तो म्हणाला. त्यात काही गैर नव्हते. जे पुढे झाले ते माझे.

प्रस्तावना लिहायला बसलो आणि मला तुमची कोरी जागा सोसेना. मला वाटले, या एवढ्या फसलेल्या विमानांची हकीकत आमचे लोक कशासाठी वाचतील? त्यांना त्यात आपले काही दिसले पाहिजे. मग मी लिहिले की पश्चिमेकडचे हे कारागीर अंधारात चाचपडत जे शोधत होते ते आमच्या पूर्वजांना विदित होते. ही फसलेली विमाने म्हणजे त्या विद्येच्या पुसट आठवणी. एवढे लिहिल्यावर आधार हवा होता. आधार शोधला, मास्तर, खरेच शोधला. माझ्याजवळच्या ग्रंथांत विमाने पुष्कळ आहेत. मनोवेगाने जाणारी, हंसांनी ओढलेली, रत्नांच्या खांबांची. पण बिनशेपटीचे, मागे धनुर्धर बसलेले एकही नव्हते. अनुष्टुभ छंद मला लहानपणापासून बोलण्याइतका सहज येतो. तुमचे चित्र समोर ठेवले आणि स्नान करून येईपर्यंत श्लोक तयार झाला: ज्याला पुच्छ नाही, ज्याचे पंख मागे वळलेले आहेत, ज्याच्या पाठीशी धनुर्धर बसतो, असा तो रथ आकाशात निर्भय फिरतो. वर लिहिले, 'प्राचीन वचन आहे.' चित्र पाहूनच रचलेला असल्यामुळे तो चित्राशी तंतोतंत जुळला, आणि तो इतका तंतोतंत जुळतो याचेच पुढे लोकांना आश्चर्य वाटले. जुन्या ग्रंथात मागाहून घुसवलेला श्लोक कसा ओळखावा, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले होते. जो प्रसंगाला जरुरीपेक्षा अधिक चांगला बसतो त्याच्याकडे संशयाने पाहावे, असे मी त्यांना सांगत असे.

छापखान्यातून कच्ची पाने आली तेव्हा तुम्ही तुमची पाने भिंग लावून तपासलीत. प्रस्तावनेची पाने न वाचता माझ्याकडे सरकवलीत. "ही तुमची. ह्यात मी काय बघणार?" तेव्हा 'एकदा वाचा' म्हणून मी तुम्हांला थांबवू शकलो असतो.

पापडीच्या त्या हॉलमध्ये प्रकाशन झाले तो दिवस मला क्रमाने आठवतो. खुर्च्या भरल्या होत्या, बहुतेक माझ्या श्रोत्यांनी. तुमच्या वाडीकडची दहाबारा माणसे मागे बसली होती, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यांत. आधी एक वक्ते बोलले; त्यांनी तुमच्या पुस्तकातले एकही पान न उघडता माझा श्लोक दोनदा म्हटला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत तुम्ही व्यासपीठावर पुस्तक पहिल्यांदा उघडलेत. मी तुमच्याकडे पाहत होतो. तुम्ही प्रस्तावना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत, पुस्तक मिटलेत आणि मांडीवर ठेवलेत. तुम्ही बोलायला उभे राहिलात तेव्हा मी मनात देवाचे नाव घेतले. तुम्ही ना माझे नाव काढलेत, ना श्लोकाचे. तुम्ही त्या तीन मजली विमानाची हकीकत सांगितलीत, वर्गात शिकवीत असा त्याच सुरात, शेवटचे शब्द जरा ओढून. "ज्यांनी ते रेखाटलं होतं त्यांना न विचारता त्याच्या नाकात शिसं भरलं," तुम्ही म्हणालात. "भरणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता." आणि बसलात. श्रोत्यांना वाटले, म्हाताऱ्याला भाषण जमले नाही. मला नारळ आणि शाल देताना हॉल पुन्हा टाळ्यांनी वाजला.

पुढच्या गुरुवारी मी यावे की नाही ते ठरत नव्हते. आलो. टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा होता आणि तुमच्या हातात दाढीचे पाते. तुम्ही मला बसा म्हणालात आणि मग विचारलेत. "श्लोक कुठल्या पोथीतला? मला नाव आणि पान द्या. माझ्या पुस्तकात आधाराशिवाय एक वाक्य नाही, तुमचंही नको." रागाचा लवलेश नव्हता, मास्तर. तुम्ही खरोखर विचारीत होता. आधार मिळाला तर तो श्लोक, तुमच्या विमानांविषयीची एक नवी माहिती म्हणून, तुम्ही आनंदाने ठेवला असता. कारण तुम्हांला संस्कृत येत नव्हते आणि जे आपल्याला येत नाही त्याविषयी आदर बाळगायची तुम्हांला सवय होती. मी त्या आदराकडे पाहिले आणि मठाचे नाव सांगितले. तरुणपणी पाहिलेले हस्तलिखित, वाळवीने खाल्लेले, पान आता सांगता येणार नाही. तुम्ही वही ओढलीत आणि लिहिलेत. मग म्हणालात की शहानिशा होईपर्यंत प्रस्तावना पुस्तकात असू नये, आणि पहिल्या प्रतीला पाते लावलेत.

आपल्या दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. पुस्तक पातळ, म्हणून छापखान्याने ते मधोमध पिना मारून बांधले होते. अशा बांधणीत पुढचे पान आणि मागचे पान हा एकच सलग कागद असतो. तुम्ही माझी चार पाने कापलीत आणि पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाची चार पाने सुटून जमिनीवर पडली. मास्तरीणबाईंनी वाकून ती उचलली. ती वैमानिकांची यादी होती. त्यांनी ती तुमच्यापुढे धरली. माझे शब्द काढायचे तर त्या माणसांची नावे सुटतात, हे तुम्ही दोनदा उलटसुलट करून पाहिलेत, कागदाच्या घडीवर बोट फिरवून. मग पाते पुसून डबीत ठेवलेत. "राहू दे," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही पत्रे लिहू लागलात. पुण्याला, दक्षिणेकडे, जिथे जिथे जुनी हस्तलिखिते आहेत असे कुणी सांगितले तिथे तिथे, कापऱ्या पण सुबक अक्षरात, पोस्टकार्डावर. मठाच्या नावाचे एकही पत्र पोहोचले नाही. परत आलेली कार्डे तुम्ही मला दाखवीत असा, पत्त्यात माझ्याकडून काही राहिले का ते विचारायला. मी पत्ता दुरुस्त करून देत असे. मास्तर, हे वाक्य पुन्हा वाचले. मी पत्ता दुरुस्त करून देत असे. इतर ठिकाणांहून उत्तरे आली, सभ्य, एकेका ओळीची: अशी नोंद आमच्याकडे नाही. ती तुम्ही तारखेवार लावून ठेवलीत. एका माणसाच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षे, ज्यांत रशियन विमानाच्या चाकांचा व्यास कदाचित सापडला असता, ती माझ्या चार चरणांमागे गेली.

शेवटची भेट पावसाळा संपतानाची. तुम्ही खाटेवर होता, खाट वाडीकडच्या पडवीत आणली होती. तुम्ही मला कित्येक वर्षांनी पुन्हा 'अरे' म्हणालात. "अरे, मिळाला का?" मी म्हणालो, शोधतो आहे. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटले, झोप लागली. मग म्हणालात, "घाई नाही. पण मिळेपर्यंत खाली लिहून ठेव. माहिती नाही." तुम्हांला कळले होते का? मी हा प्रश्न अनेक वेळा उलटून पाहिला आहे. कधी वाटते, कळले होते आणि तुम्ही मला बाहेर पडायची एक वाट दाखवत होता, माझी लाज राखून. कधी वाटते, नव्हते कळले, तुम्ही शेवटपर्यंत माझ्यावर विसंबून होता. यांतले कुठले अधिक जड, ते मला ठरवता येत नाही. चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना चालू असताना मी मागच्या बाकाशी उभा होतो, पागोटे हातात घेऊन, आणि तुमच्या पाद्रींनी तुम्हांला सत्यप्रिय म्हटले तेव्हा जमिनीकडे पाहिले.

दर सर्वपित्रीला मी तुमच्या नावाने पाणी सोडतो. तुम्हांला ते चालेल की नाही, हे विचारायचे राहिले. बोटांच्या टोकांवरून पाणी पडताना दरवर्षी वाटते की आता मोठ्याने म्हणून टाकावे, निदान ते पाणी झेलणाऱ्या घंगाळापुढे. आमच्या शास्त्रात असत्याचे प्रकार आहेत, त्यांची प्रायश्चित्ते आहेत, आणि स्वतःच्या शब्दांना ऋषींचे नाव देणाऱ्याला काय होते तेही सांगितले आहे. मी ते सारे जाणतो. जाणणाऱ्याला सवलत नाही, हेही जाणतो.

इकडचे काय सांगू. तुमच्या पुस्तकाच्या प्रती संपल्या; तुमचे पुस्तक कोणी वाचले असेल असे वाटत नाही. प्रस्तावनेच्या मात्र छायाप्रती निघत राहिल्या. एका श्रोत्याने परदेशातल्या मुलाला पाठवली. मग एक दिवस स्टेशनाच्या पूर्वेकडच्या नव्या वस्तीतला एक इंजिनिअर तरुण संगणकावरून छापून आणलेला कागद मला कौतुकाने दाखवायला आला. त्यावर माझा श्लोक होता, खाली एका ऋषीचे नाव, आणि असे विधान की परदेशी संशोधकांनी यावरूनच विमान बांधले. तुमचे चित्रही होते, पुसट झालेले. तुमचे नाव नव्हते. जिथे तुम्ही सांध्याची जागा कोरी सोडली होती तिथे कुणीतरी रेघ ओढून ती पूर्ण केली होती. तो तरुण म्हणाला, "बघा आजोबा, आपल्याकडे सगळं होतं." मी त्याला पेढा दिला.

गेल्या मंगळवारी एक बाई आल्या. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, शाळेत प्रदर्शन आहे. त्यांच्या पिशवीत मोठा गुंडाळलेला कागद होता. तो त्यांनी माझ्या दिवाणावर उलगडला. बिनशेपटीचे विमान, मुलांनी रंगीत पेन्सिलींनी रंगवलेले, आणि खाली तो श्लोक. बाई तरुण आणि नेटक्या. म्हणाल्या, "परीक्षक विचारतात हो, ग्रंथ कुठला म्हणून. तुम्ही सांगाल असं सगळे म्हणाले." मी भिंतीला हात लावला, मास्तर. घरात दुसरे कोणी नव्हते. सून बाजारात गेली होती. कुणाची भीड नाही, व्यासपीठ नाही, टाळ्या नाहीत. समोर एकच माणूस आणि त्याला खरे काय ते हवे आहे. इतकी सोपी वेळ देवाने मला पुन्हा आणून दिली होती. मी म्हणालो, परंपरेने आलेला आहे, तसेच लिहा. त्यांनी तिथेच वाकून पेन्सिलीने तसे लिहिले.

हे पत्र मी कुठे पाठवणार? वाचून दाखवावे असे कोणी नाही, आणि शाळेत नेऊन द्यावे एवढे बळ माझ्यात नाही, हे एव्हाना मला कळून चुकले आहे. घडी घालून कपाटात ठेवीन. पण एक गोष्ट उरली, ती लिहिली नाही तर हाही कागद खोटा ठरेल. बाई जाता जाता दारात थांबल्या आणि म्हणाल्या की मुलांना उच्चार नीट यावेत म्हणून एकदा तुमच्या तोंडून ऐकायचा आहे, फोनमध्ये घेते. मी नाही म्हणू शकलो असतो. घसा बसला आहे म्हणालो असतो तरी चालले असते. मी आसन ओढून घेतले, पाठ ताठ केली आणि म्हटला. दोनदा म्हटला. आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता.